इंडियन साइन लँग्वेजचा बेसिक क्लास, पुणे, वीकेंड बॅच: कसा आहे, कोणी करावा

आधी कामाचं सांगून टाकतो. पुण्यात पेठेतल्या एका बिल्डिंगीत दुसऱ्या मजल्यावर हा क्लास चालतो, शनिवार-रविवार सकाळी दोन-दोन तास, तीन महिन्यांचा बेसिक कोर्स, फी साडेचार हजार, आणि शिकवणारे सर आणि मॅडम दोघंही जन्मापासून डेफ, म्हणजे ऐकू न येणारे. क्लासचं नाव मुद्दाम देत नाहीये कारण खाली काही तक्रारी पण लिहिल्यात आणि हे तीन-चार जणांनी मिळून पदरमोड करून उभं केलेलं छोटं काम आहे, त्यांना त्याचा त्रास नको. पण असे क्लास आता बऱ्याच ठिकाणी निघालेत, ऑनलाइन पण आहेत, तर आपण पैसे भरताना नेमकं काय बघायचं हे कळावं म्हणून हा सगळा प्रपंच.

मी गेलो भाच्यासाठी. भाचा नऊ वर्षांचा आहे, दोन्ही कानांना जन्मतः ऐकू येत नाही, तीन वर्षांचा असताना एका कानाचं कॉक्लिअर इम्प्लांट झालं, म्हणजे ऑपरेशनने बसवायचं ऐकण्याचं मशीन. ऑपरेशन चांगलं झालं, मशीन चालतं, ताईने नोकरी सांभाळून स्पीच थेरपीचे हेलपाटे घातले आणि त्याचं फळ पण मिळालं, तो बोलतो. घरच्यांना सगळं कळतं, बाहेरच्याला निम्मं-शिम्मं. थेरपीच्या पहिल्या दिवसापासून एक गोष्ट घरातल्या सगळ्यांच्या डोक्यात भरवलेली होती की खुणा अजिबात करायच्या नाहीत, हात वापरले की मूल आळशी होतं आणि मग बोलतच नाही. त्यामुळे त्याने पाणी हवं म्हणून अंगठा तोंडाकडे नेला की त्याची आजी लगेच "तोंडाने सांग बाळा" म्हणायची, आणि तो तोंडाने सांगेपर्यंत ग्लास तिच्या हातातच राहायचा. हे काही दुष्टपणाने नाही, त्या माऊलीचा जीव आहे नातवावर, पण जे सांगितलं गेलं ते तिने प्रामाणिकपणे पाळलं. आम्हा सगळ्यांचंच मत तेव्हा हे होतं की साइन लँग्वेज म्हणजे ज्यांचं बोलणं जमलं नाही त्यांच्यासाठीची शेवटची सोय. आता माझं मत बरोबर उलटं आहे, आणि ते बदलायला हा क्लास कारणीभूत आहे, म्हणून रिव्ह्यू जरा लांबेल.

क्लासमध्ये पहिली गोष्ट म्हणजे आवाज बंद. दाराशी बोर्ड आहे, आत बोलायचं नाही, एकमेकांशी पण नाही. अडलं तर फळ्यावर लिहा, मोबाइलवर टाइप करून दाखवा, हातवारे करा, पण तोंड बंद. फक्त पहिल्या तासाला एक इंटरप्रिटर आल्या होत्या, त्यांनी नियम समजावले आणि गेल्या, त्यानंतर थेट सर आणि आम्ही. बॅचमध्ये आम्ही बाराएक जण, त्यात एक बँकेतल्या मॅडम, दोन फिजिओथेरपीच्या मुली, एक मेडिकल स्टोअरवाले काका, तीन-चार आईबाप आणि एक कॉलेजचा पोरगा ज्याचं लग्न डेफ मुलीशी ठरलंय. सगळ्यांना पहिले दोन आठवडे प्रचंड अवघड जातं कारण आपली सवय अशी की समजलं नाही तरी मान डोलवायची आणि कानाने अंदाज घ्यायचा. इथे नजर हलली की वाक्य गेलं. वहीत बघून लिहायला लागलात तर सर थांबतात, टेबलावर हात आपटतात, त्याचा धक्का बाकापर्यंत येतो, आणि तुम्ही वर बघेपर्यंत पुढे जात नाहीत. मला ही पद्धत फार आवडली. काही जणांना कडक वाटली, एक बाई तिसऱ्या रविवारनंतर आल्याच नाहीत.

सुरुवात अर्थातच अल्फाबेटपासून. आपल्याकडची अक्षरं दोन हातांची असतात, अमेरिकन साइन लँग्वेजसारखी एका हाताची नाहीत, आपली ठेवण ब्रिटिश पद्धतीतून आली आहे. पाच स्वर म्हणजे डाव्या हाताची पाच बोटं, अंगठ्याच्या टोकाला उजवी तर्जनी लावली की ए, तर्जनीच्या टोकाला ई, मग आय, ओ, आणि करंगळीला यू. हे एका बैठकीत येतं आणि आल्यावर फार हुरूप वाटतो. पण सरांनी तिसऱ्याच तासाला फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं की अक्षरं म्हणजे भाषा नाही, ही फक्त नावं आणि पत्ते सांगायला. हे महत्त्वाचं आहे कारण इंटरनेटवर "दहा मिनिटांत साइन लँग्वेज शिका" म्हणून जे व्हिडिओ असतात त्यातल्या बहुतेकांत हीच सव्वीस अक्षरं शिकवून मोकळे होतात.

खरी मजा व्याकरणाला. आपण समजतो की मराठी वाक्यातल्या प्रत्येक शब्दाला एकेक खूण लावली की झालं. तसं केलं तर डेफ माणसाला ते जेमतेम कळतं, पण ते अवघडलेलं, परकं वाटतं. इंडियन साइन लँग्वेजला स्वतःचं व्याकरण आहे. प्रश्नाचा शब्द शेवटी जातो, म्हणजे "तू कुठे राहतोस" हे "तू राहणं कुठे" असं होतं. नकारही शेवटी आणि सोबत मान हलते. काळ दाखवायला क्रियापद बदलत नाही, वाक्याच्या सुरुवातीला काल-उद्या-मागच्या वर्षी असं काहीतरी येतं आणि पुढचं सगळं त्या काळात समजायचं. आणि चेहरा! भुवया वर गेल्या की हो-नाहीचा प्रश्न, त्याच भुवया जागच्या जागी राहिल्या तर साधं विधान, हात दोन्हीकडे सारखाच. म्हणजे चेहऱ्यावरचे भाव इथे नाटकासाठी नसतात, ते व्याकरणच असतं. आमच्यातल्या निम्म्या लोकांना, विशेषतः पुरुषांना, चेहरा हलवायचा संकोच वाटायचा, मेडिकलवाले काका तर दगडासारखा चेहरा ठेवून "जेवलात का" विचारायचे आणि मॅडम दर वेळी सांगायच्या की तुम्ही "जेवलात" म्हणालात, विचारलं नाहीत.

देणे, विचारणे अशी जी क्रियापदं आहेत त्यांना दिशा असते. हात माझ्याकडून तुमच्याकडे गेला की मी तुम्हाला दिलं, तुमच्याकडून माझ्याकडे आला की तुम्ही मला दिलं. कर्ता, कर्म सगळं त्या एका हालचालीत. आणि माणूस समोर नसेल तर हवेतली एक जागा त्याला देऊन टाकायची, उजवीकडे सासू, डावीकडे नणंद, मग पूर्ण गोष्ट संपेपर्यंत त्या जागा पक्क्या. हे पुस्तकातून कळायचं नाही, बघावं लागतं.

याचं एक उदाहरण सांगतोच. एका रविवारी क्लास सुटल्यावर सरांचे दोन-तीन मित्र खाली आले होते, सगळे डेफ, आणि आम्ही काही जण पण त्यांच्याबरोबर शेजारच्या अमृततुल्यवर थांबलो. त्यातला एक जण स्वारगेटच्या चौकात झालेला अपघात सांगत होता. डावा तळहात आडवा धरला, ती त्याची स्कूटर. उजवा तळहात जरा उंच आणि जड, ती पीएमटी. मग दोन्ही हात एकाच वेळी चालायला लागले, स्कूटर सिग्नलला थांबली, बस मागून आली, स्कूटरच्या हाताची बोटं किंचित थरथरत होती कारण इंजिन चालू होतं, आणि मधून तिसरंच काहीतरी तिरकं आलं, तेव्हा बसचा हात क्षणभर सोडून उजवी दोन बोटं उलटी केली, ती चालणारी बाई, पदर सावरत घाईत निघालेली, आणि पदर सावरणं त्याच्या खांद्यावर दिसलं, चेहरा त्या बाईचा झाला, पुढच्या क्षणी परत स्वतःचा. कोण कुठून आलं, ब्रेक कोणी दाबला, कोणाचा आरसा गेला, यात एका ठिकाणीही शंका राहिली नाही. मला तेव्हा जेमतेम दीड महिन्याची भाषा येत होती तरी निम्म्याच्या वर कळलं. हीच गोष्ट मी मराठीत सांगायला घेतली तर "म्हणजे बस डावीकडून, नाही नाही, तिच्या डावीकडून" असं दहा वेळा करावं लागलं असतं. त्या दिवशी मला पटलं की ही भाषा मराठीपेक्षा कमी नाही, काही गोष्टी तर हिच्यात जास्त नीट सांगता येतात. आणि माझ्या भाच्याला नऊ वर्षांत अशी एकही गोष्ट कोणी सांगितलेली नाही.

इतिहासाचा एक तास असतो, तो चुकवू नका. सर प्रोजेक्टरवर फोटो दाखवतात आणि साइनमध्ये सांगतात, खाली मराठी ओळी येतात. १८८० मध्ये इटलीत मिलानला बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली, तिथे मतदान करणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे, आणि त्यांनी ठराव केला की शाळांमध्ये तोंडी पद्धतच चालवायची, हातांची भाषा नको. जगभरच्या बहुतेक शाळांमधून साइन हद्दपार झाली आणि डेफ शिक्षकांच्या नोकऱ्या पण गेल्या. आपल्या मुंबईत १८८५ मध्ये बधिर मुलांची शाळा सुरू झाली, देशातल्या अगदी पहिल्या शाळांपैकी, म्हणजे आपल्याकडे हे शिक्षण उभं राहिलं तेच त्या हवेत. पुढे १९६० मध्ये विल्यम स्टोकी या अमेरिकेतल्या प्राध्यापकाने दाखवून दिलं की अमेरिकन साइन लँग्वेज ही पूर्ण भाषा आहे, तिचे घटक सुटे करून दाखवता येतात. तो ज्या गॅलॉडेट या डेफ विद्यार्थ्यांच्या कॉलेजात शिकवायचा तिथल्याच विद्यार्थ्यांनी १९८८ मध्ये आंदोलन केलं की शंभरावर वर्षं झाली, आता तरी आमचा प्रमुख डेफ हवा, आणि आठवड्याच्या आत तो मिळवला. मिलानच्या ठरावाबद्दल त्याच परिषदेच्या पुढच्या पिढीने जाहीर खेद व्यक्त केला तो २०१० मध्ये, कॅनडात व्हँकुव्हरला. म्हणजे एकशे तीस वर्षं लागली. आमच्या घरात "तोंडाने सांग" हा जो नियम होता तो त्या थेरपिस्टबाईंनी काही स्वतः शोधलेला नव्हता, तो एवढ्या लांबून चालत आलेला होता, हे कळल्यावर मला त्या बाईंचा राग यायचा थांबला पण त्या नियमाचा राग जास्त यायला लागला.

सर स्वतः निवासी शाळेत वाढलेत. वर्गात साइन केली की हातावर पट्टी बसायची असं त्यांनी सांगितलं. भाषा शिकले ती रात्री हॉस्टेलमध्ये, मोठ्या मुलांकडून, दिवे घालवायच्या आधी. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर बिचारेपणा नव्हता, उलट ती मोठी मुलं कोण होती, कोण कसं नक्कल करायचं, कोणाला कोणतं साइन नेम मिळालं हे सांगताना ते खुललेले होते. साइन नेम म्हणजे डेफ लोकांनी तुम्हाला दिलेलं नाव, स्वतःचं स्वतः ठेवता येत नाही. घरी बहुतेक मुलं एकटी असतात, कारण बहुतेक डेफ मुलं ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी येतात, आईबापांना भाषा येत नाही, नातेवाइकांना येत नाही. लग्नाला गेलं की जेवायला बसवतात, डोक्यावरून हात फिरवतात, आणि गप्पा मारायला दुसरीकडे जातात. म्हणून त्यांच्यासाठी शाळा, हॉस्टेल, क्लब, स्टेशनवरचा कट्टा ही घरं. डेफ असणं म्हणजे काय असं एका आईने लिहून विचारलं तेव्हा मॅडमनी फळ्यावर "माझी माणसं" एवढंच लिहिलं. मला आधी वाटायचं आयडेंटिटी वगैरे या बाहेरून आलेल्या चैनीच्या गोष्टी आहेत, आपल्याकडे आधी नोकरी-पाणी बघावं. पण संयुक्त राष्ट्रांचा जो अपंग हक्कांचा करार आहे, ज्यावर भारताने २००७ मध्ये शिक्कामोर्तब केलं, त्यात साइन लँग्वेज आणि बधिर संस्कृती यांना मान्यता आणि आधार देण्याचं कलम स्पष्ट लिहिलेलं आहे, म्हणजे हे आपणही मान्य केलेलं आहे.

इम्प्लांटचा विषय निघाल्याशिवाय राहत नाही, आणि इथे सरांनी जे उत्तर दिलं ते मला सगळ्यात जास्त पटलं. एका बापाने विचारलं की माझी मुलगी दीड वर्षाची आहे, इम्प्लांट करू का नको, तुम्ही डेफ लोक त्याच्या विरोधात असता असं ऐकलंय. सरांनी शांतपणे लिहिलं, मशीनचा निर्णय तुमचा आणि डॉक्टरांचा, मी तुम्हाला नको म्हणणार नाही. पण मशीन काम करायला लागेपर्यंत, आणि काम केलं नाही तर, आणि काम केलं तरी ते काढून ठेवल्यावर, तिच्याकडे भाषा कुठली असणार आहे ते आज ठरवा. यात सगळं आलं. इम्प्लांटचा बाहेरचा भाग झोपताना काढतात, अंघोळीला काढतात, पोहायला काढतात, बॅटरी संपते, वायर तुटली तर नवीन येईपर्यंत दिवस जातात. त्या प्रत्येक वेळी मूल पूर्ण डेफ असतं. आमचा भाचा रात्री मशीन काढल्यावर घाबरतो, हे आम्हाला सहा वर्षं कळत होतं, पण अंधारात नाही तर निदान दिव्यात तरी हाताने बोलता येईल हे कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझं आता ठाम मत आहे की ऑपरेशन होवो न होवो, साइन पहिल्या दिवसापासून हवी. मेंदूला भाषा मिळायची वर्षं पहिली पाच-सहा, ती थेरपीच्या निकालाची वाट बघण्यात घालवायची नाहीत. आणि हाताने शिकलेली भाषा तोंडाच्या भाषेला मारत नाही, दोन भाषा एकत्र वाढतात, आपल्याकडे तर घरी मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी असं प्रत्येक पोर करतंय.

ओठ वाचण्याबद्दल पण एक भ्रम इथे मोडतो. मॅडम एक खेळ घेतात, आवाज न काढता एक एक शब्द ओठांनी म्हणायचा आणि बाकीच्यांनी ओळखायचा. बँकेतल्या मॅडमनी "भात" म्हटलं, कोणी पाट लिहिलं, कोणी माठ, कोणी बाद. प, ब, भ, म सगळे ओठ मिटूनच होतात आणि जीभ आत काय करते ते बाहेरून दिसत नाही. म्हणजे डेफ माणूस तुमच्या तोंडाकडे बघून जे समजतो त्यातलं बरंचसं अंदाजाने, संदर्भाने असतं, आणि त्यात तुम्ही मिशा वाढवलेल्या, मास्क लावलेला, किंवा खिडकीकडे पाठ करून बसलेले असाल तर तेही गेलं. सावकाश आणि मोठ्याने बोललं की कळतं ही आपली समजूत. ओरडल्याने ओठ आणखी वाकडे होतात, एवढंच.

आता तक्रारी. एक, खोलीतला उजेड. मागच्या बाजूची ट्यूब एका खांबाआड आहे आणि पावसाळ्यात सकाळी सुद्धा मागच्या बाकांवर हात नीट दिसत नाहीत, साइनच्या क्लासला हे चालायला नको. सांगून झालंय, करतो म्हणालेत. दोन, नोट्स म्हणून जी पीडीएफ देतात ती अगदीच कामचलाऊ आहे, हाताच्या चित्रांवर बाण काढलेत पण हालचाल कुठून कुठे तेच कळत नाही, त्यापेक्षा छोटे व्हिडिओ रेकॉर्ड करून दिले असते तर घरी सराव झाला असता. तीन, शेवटचे तीन आठवडे घाईघाईत उरकले, दवाखाना आणि बँक या विषयांचे शब्द एकाच तासात कोंबले, खरं तर बॅचमधले निम्मे लोक त्यासाठीच आलेले. चार, परीक्षा घेतात पण सर्टिफिकेटचा नोकरीत फारसा उपयोग नाही, हे आधीच स्पष्ट सांगायला हवं होतं. ज्यांना इंटरप्रिटर व्हायचंय त्यांनी या भरवशावर राहू नये, त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला डिप्लोमा लागतो, आणि तो मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत आहे. पाच, गावाकडच्या आणि शहरातल्या खुणांमध्ये फरक असतो, मुंबई-दिल्लीतही काही शब्द वेगळे आहेत, हे शिकवताना सांगितलं जातं पण उदाहरणं कमी दिली जातात, त्यामुळे बाहेर कोणी वेगळी खूण केली की नवखा माणूस गोंधळतो.

घरी सरावासाठी जे वापरलं ते पण सांगतो. दिल्लीला इंडियन साइन लँग्वेज रिसर्च अँड ट्रेनिंग सेंटर म्हणून सरकारी संस्था आहे, २०१५ ला सुरू झालेली, त्यांची डिक्शनरी व्हिडिओत आहे आणि पूर्णपणे फुकट. २०१८ मध्ये तीन हजार शब्दांनी सुरुवात केली, २०२१ पर्यंत दहा हजारांवर नेली, रोजचे शब्द, कायद्याचे, दवाखान्याचे, शाळेचे, शेतीचे सगळे. त्यांचंच साइन लर्न नावाचं ॲप आहे. क्लासमध्ये शनिवारी शिकलेलं सोमवारी विसरलं की मी तिथे जाऊन बघायचो. शाळकरी मुलांसाठी पीएम ई-विद्याचं ३१ नंबरचं चॅनल डिसेंबर २०२४ पासून फक्त साइन लँग्वेजसाठी आहे, भाच्याला आम्ही ते लावून देतो, सुरुवातीला त्याला काही कळत नव्हतं तरी तो त्या शिकवणाऱ्याच्या हातांकडे इतका टक लावून बघायचा की जेवण राहून जायचं. पण एक सांगतो, नुसत्या व्हिडिओवर भाषा येणार नाही. व्हिडिओतला माणूस तुम्हाला परत प्रश्न विचारत नाही आणि तुमच्या भुवया चुकल्या तर थांबवत नाही. त्यासाठी समोर डेफ माणूस हवा.

फरक काय पडला ते विचाराल तर, ताई माझ्या दुसऱ्याच आठवड्यात यायला लागली, भाऊजी महिन्याभराने. भाचा आमच्यापेक्षा दसपट वेगाने उचलतो. मशीन लावून बोलतो पण आणि हाताने सांगतो पण, आणि एक गंमत म्हणजे त्याचं बोलणं कमी झालेलं नाही, वाक्यं लांब झालीत, कारण आता त्याच्याकडे सांगायला जास्त आहे. मागच्या गणपतीत विसर्जनाला आम्ही त्याला ढोलपथकाजवळ घेऊन गेलो होतो, तिथे मशीनमधून नुसता गोंगाट येतो म्हणून ते दर वर्षी काढूनच ठेवतो आणि मग तो गप्प गप्प असतो. या वेळी क्लासमधल्या मॅडम त्यांच्या मैत्रिणींबरोबर तिथे भेटल्या. लक्ष्मी रोडच्या त्या आवाजात आम्ही सगळे एकमेकांच्या कानात ओरडत होतो आणि भाचा मॅडमशी, त्या गर्दीत, दहा फुटांवरून, निवांत गप्पा मारत होता, ढोल छातीत कसा वाजतो ते दोघंही दाखवत होते. ताईच्या सासूबाई ते बघत होत्या. घरी आल्यावर त्यांनी ताईला विचारलं की "पाणी" कसं करतात, "जेवण" कसं करतात, मला पण दाखव. सत्तरीच्या बाईला बोटं नीट वळत नाहीत, सांधे दुखतात, पण "तोंडाने सांग" हे वाक्य त्यांच्याकडून परत ऐकलेलं नाही.

कोणी करावा? डेफ मुलांचे आईबाप, मामा-मावश्या, आजी-आजोबा, यांनी तर डोळे झाकून करावा. बँकेत काउंटरवर बसणारे, सरकारी दवाखान्यातले, पोलीस, कोर्टातले लोक यांनी करावा, २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात ऐकण्याचं अपंगत्व असलेली पन्नास लाखांवर माणसं नोंदवली गेली होती, ती रोज या काउंटरवर येतच असणार. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टात सारा सनी या डेफ वकिलांनी इंटरप्रिटरच्या मदतीने बाजू मांडली, तेव्हा सगळीकडे कौतुक झालं, पण तालुक्याच्या कोर्टात साध्या साक्षीदाराला ती सोय सहजासहजी मिळत नाही. शाळेतल्या शिक्षकांनी तर करावाच, २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात साइन येणारे शिक्षक नेमायचं लिहिलेलं आहे. समाजसेवा म्हणून, डेफ लोकांना "मदत" करायला येत असाल तर मात्र आधी दोन रविवार नुसतं मागच्या बाकावर बसा, तुमची मदत कोणी मागितलेली नाही हे तिथे लवकर समजतं.

दुसऱ्या कुठल्या क्लासला पैसे भरणार असाल तर हे आधी विचारा: शिकवणारा स्वतः डेफ आहे का, वर्गात आवाज बंद असतो का, वाक्यरचना शिकवतात का नुसते सुटे शब्द, आणि बॅच पंधराच्या वर आहे का, कारण जास्त झाले की शिकवणाऱ्याला प्रत्येकाचे हात दिसत नाहीत. ऐकू येणारा माणूस तोंडाने मराठी बोलत बोलत खुणा करून दाखवत असेल तर तिथे पैसे घालवू नका.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा गुण उजेडाचा आणि पीडीएफचा कापला. इंटरमीजिएट बॅच दिवाळीनंतर सुरू होतेय, फी पाच हजार म्हणतायत, ताई, भाऊजी आणि मी तिघांनीही नाव घातलंय, आणि मेडिकलवाले काका पण परत येणार आहेत, त्यांच्या दुकानात आता डेफ गिऱ्हाइकं आपण होऊन येतात असं त्यांनी परवा हाताने सांगितलं, भुवया व्यवस्थित वर करून मला विचारलं पण, की तू येणार ना.